भंगारवाल्याला हाक मारण्याआधी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

विंडोज १० बंद झाल्यावर घरातल्या जुन्या संगणकांचं काय करायचं, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नेहमीची अपडेट थांबवली, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगले चालते संगणक एका तारखेला जुने ठरले, हे लेखात नीट मांडलं होतं. पुढे मार्ग मात्र दोनच दिले होते. एक्स्चेंजमध्ये द्या, नाहीतर ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे सोपवा. तिसरा मार्ग मी गेली दोन वर्षं माझ्या घरात वापरते आहे. जुना संगणक घरच्या इंटरनेटचा राउटर म्हणून लावता येतो, आणि दीड-दोन हजारांच्या विकतच्या राउटरपेक्षा काम चोख करतो. पत्र थोडं लांबेल, पण हे अर्धवट सांगितलं तर कुणाच्याच उपयोगी पडणार नाही.

मी वाईची. १९९४ पासून आमची टंकलेखन संस्था होती, पुढे त्याच खोल्यांत संगणकाचे वर्ग सुरू केले. करोनात वर्ग बंद पडले ते पुन्हा उभे राहिले नाहीत. २०१० साली घेतलेले आठ संगणक तेव्हापासून मागच्या खोलीत चादरीखाली होते. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, नंतर वाढवून ४ जीबी केलेली रॅम. भंगारवाल्यानं एका सीपीयूचे अडीचशे रुपये सांगितले. ज्या यंत्रावर शेकडो मुलं टायपिंग शिकली, त्याचे अडीचशे. मी त्याला परत पाठवलं, पण त्या दिवशी यांचं पुढे काय करायचं हे मलाही ठाऊक नव्हतं.

गरज निघाली ती सुनेच्या कामामुळे. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. रोज संध्याकाळी साडेसहाला तिची मीटिंग, आणि रोज त्याच वेळी आवाज तुटायचा. आमची जोडणी ४० एमबीपीएसची. वेग मोजला की चाळीस भरायचा, म्हणून तक्रार केली की उत्तर यायचं, "स्पीड बरोबर आहे, मॅडम." एका संध्याकाळी मी तिच्या शेजारी दुसरा संगणक लावून बसले आणि पिंग सुरू करून आकडे बघत राहिले. आपण पाठवलेला छोटा संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो, ते पिंग सांगतं. ११ मिलिसेकंद, १२, ११, १३. मग मुलगा कामावरून आला, त्याचा फोन घरच्या वायफायला जोडला गेला, आणि आकडे चढू लागले. ९०. २४०. ३८०. ४१०. मध्येच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. सून म्हणाली, "आई, बघा, गेला आवाज." तेवढ्यात लक्षात आलं. दिवसभरात मुलानं साइटवर काढलेले फोटो-व्हिडिओ घरी आल्याबरोबर क्लाउडवर चढायला लागायचे. वेग पूर्ण मिळत होता, पण सगळा त्या व्हिडिओंनाच.

वर्ग चालवत असताना मी परीक्षेचे अर्ज रजिस्टरनं पाठवायला पोस्टात जायची. पुढचा माणूस दोनशे पाकिटांचा गठ्ठा घेऊन उभा असला, तर मागच्याला एक पोस्टकार्ड घ्यायचं असलं तरी अर्धा तास उभं राहावं लागे. खिडकीवरचा कारकून सावकाश नव्हता, रांगच तशी होती. स्वस्त राउटरमध्ये नेमकं हेच होतं. येईल तो डेटा तो एकाच लांब रांगेत साठवत जातो. बोलण्याचे छोटे तुकडे व्हिडिओच्या गठ्ठ्यामागे अडकतात. याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१०-११ च्या सुमारास हा शब्द रूढ केला. त्यावरचा एक चांगला उपाय कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडला. जेकबसन म्हणजे ज्यांनी १९८८ मध्ये इंटरनेटची कोंडी फोडण्याचा रस्ता दाखवला तेच. या उपायावरून पुढे एफक्यू-कोडेल आणि केक नावाच्या पद्धती लिनक्स या मोफत, खुल्या संगणक प्रणालीत आल्या. त्या प्रत्येकाची वेगळी रांग करतात आणि आळीपाळीनं एकेकाचं काम घेतात. पोस्टकार्डवाला लगेच मोकळा होतो आणि गठ्ठेवाल्यालाही फारसं कळत नाही.

ही सोय आमच्या वायफाय राउटरमध्ये नव्हती. त्याला कंपनीकडून शेवटचं अपडेट २०१७ साली आलेलं, त्यानंतर काही नाही. ही गोष्ट मला आवाज तुटण्यापेक्षा जास्त टोचली. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या घातक प्रोग्रामनं निदान ५४ देशांतले जवळपास ५ लाख राउटर आणि तशीच उपकरणं पोखरली होती, तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयनं लोकांना राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं होतं. घराचा दरवाजा म्हणजे राउटर, आणि त्याची कडी २०१७ सालची. आपण फोनचं अपडेट रोज बघतो, राउटरचं कोण बघतं?

राउटर हा मुळात छोटा संगणकच असतो. आत एक साधा प्रोसेसर, थोडी मेमरी, बऱ्याचदा लिनक्सच. तो कंपनीच्या जोडणीत लॉगिन करतो, घरातल्या प्रत्येक उपकरणाला आतला पत्ता वाटतो, सगळ्यांची ये-जा एकाच बाहेरच्या पत्त्यावरून करवतो आणि नको त्याला बाहेर थोपवतो. हे काम पूर्वी लोक जुन्या संगणकांवरच करत. १९९० च्या दशकात लिनक्स राउटर प्रोजेक्ट नावाची प्रणाली १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीत मावत होती. मग ४ जीबी रॅमच्या माझ्या संगणकाला हे न जमायला काय झालं?

तर एक सीपीयू उघडला. आत धुळीची जाड गादी. एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, पंखा ब्रशनं साफ केला, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ चा सेल बदलला, कारण तो संपला की घड्याळ दर वेळी मागे जातं आणि घड्याळ चुकलं की बाकी पुष्कळ गोष्टी चुकतात. राउटरला दोन तोंडं लागतात, एक बाहेरच्या तारेला, एक घराला. मदरबोर्डवर एक लॅन पोर्ट होतंच, दुसरं कार्ड दुसऱ्या सीपीयूतून काढून बसवलं. त्यावर ओपीएनसेन्स ही राउटरसाठीची मोफत प्रणाली घातली. ती लिनक्सवर नाही, फ्रीबीएसडी या दुसऱ्या खुल्या प्रणालीवर उभी आहे, २०१५ मध्ये पीएफसेन्स या तशाच प्रणालीतून वेगळी झाली. एका दुपारीत चालू झालं. जुना वायफाय राउटर फेकला नाही. त्याचं पत्ते वाटणं बंद केलं, तार त्याच्या लॅन पोर्टात लावली, आणि त्याला फक्त वायफाय देण्याच्या कामावर ठेवलं. आता तो बाहेरच्या दारात उभा नाही, आतल्या खोलीत आहे.

हे लिहून मी थांबले असते तर वाचकांना फसवल्यासारखं झालं असतं, कारण पहिलं वीजबिल आलं तेव्हा मीच चकित झाले. आमच्या इलेक्ट्रिशियनकडून प्लगमध्ये बसवायचा छोटा मीटर आणून मोजलं. तो संगणक नुसता चालू असताना ५८ वॅट खात होता. राउटर चोवीस तास चालतो. दिवसाला १.३९ युनिट, महिन्याला जवळपास ४२. आम्ही एरवी १०० युनिटच्या आत असायचो, तो टप्पा ओलांडला गेला. म्हणजे महिन्याला चारशे रुपयांच्या वर. या पैशांत वर्षभरात दोन नवे राउटर आले असते. त्यामुळे माझं स्पष्ट सांगणं आहे की मोठा डेस्कटॉप संगणक घरच्या राउटरसाठी लावू नये. शाळेत किंवा ऑफिसात, जिथे तो तसाही दिवसभर चालतो आणि रात्री बंद करता येतो, तिथे ठीक.

घरासाठी जुना लॅपटॉप घ्यावा. सुनेचा २०१३ चा लॅपटॉप होता, बिजागरी मोडलेली, पडद्यावर रेघा. पडदा बंद ठेवून मोजला तर १३ वॅट, महिन्याला साधारण साडेनऊ युनिट. लॅपटॉपला लॅन पोर्ट एकच असतं, म्हणून यूएसबीला लावायचा गिगाबिट अडॅप्टर ८५० रुपयांना आणला. तार आणि पिना धरून एकूण खर्च साडेअकराशेच्या घरात. यूएसबीचे असे अडॅप्टर लिनक्सवर जास्त चांगले चालतात, म्हणून या वेळी ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सवरची राउटर प्रणाली घातली.

इथे माझी एक अख्खी दुपार गेली, ती सांगते म्हणजे दुसऱ्या कुणाची जायला नको. ओपनडब्ल्यूआरटी घातलेला लॅपटॉप स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असा घेतो. कंपनीची तार घरात ज्यात येते त्या आमच्या फायबरच्या डब्याचा पत्ताही तोच. दोघं एकमेकांना जोडले की एका आळीत दोन घरांना एकच नंबर दिल्यासारखं होतं, पोस्टमन कुठल्याच घरी पोचत नाही. त्यात यूएसबी अडॅप्टरचं सॉफ्टवेअर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेट सुरू करायला तोच अडॅप्टर हवा. संध्याकाळी दिवेलागणीला उलगडलं. आधी अंगच्या पोर्टाला फायबरच्या डब्याकडून पत्ता घ्यायला लावलं, अडॅप्टरचं सॉफ्टवेअर उतरवलं, मग घराच्या बाजूचा पत्ता १९२.१६८.१०.१ केला, आणि मगच तारा नीट जागेवर लावल्या. पाच ओळींचं काम, क्रम तेवढा महत्त्वाचा.

नंतर वर सांगितलेल्या वेगवेगळ्या रांगा लावणारी एसक्यूएम नावाची सोय घातली. तिच्यात वेगाची मर्यादा थोडी कमी सांगावी लागते. ४० ची जोडणी असेल तर ३६. रांग लागायचीच असेल तर ती कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या यंत्रात लागावी, जिथे ती आपल्याला सांभाळता येते, हे त्यामागचं कारण. त्या संध्याकाळी मुलाचे व्हिडिओ चढत असताना पुन्हा पिंग लावला. १४, १६, १३, १९, १५. सुनेची मीटिंग सव्वासातला संपली, तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आज कुणी फोन लावलाच नाही का घरात?"

नातवाच्या टॅबचं इंटरनेट रात्री साडेनऊला बंद होतं, सकाळी सातला सुरू होतं. रोजचा वाद मिटला. (त्यासाठी टॅबमधली दर जाळ्याला वेगळा पत्ता दाखवण्याची सोय घरच्या वायफायपुरती बंद करावी लागते, नाहीतर राउटर त्याला ओळखत नाही.) जाहिराती पुष्कळशा राउटरवरच अडतात. आणि सुरक्षेची अपडेट येतात, ती मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बघते.

काळजी घ्यायच्या दोन गोष्टी आहेत. लॅपटॉप सतत चार्जिंगला राहिला की बॅटरी फुगते. आमची वर्षाच्या आत फुगली, नीट बसेना, तेव्हा लगेच काढून ई-कचऱ्यात दिली. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबून बसवू नये, घरात ठेवूही नये. आता लॅपटॉप बॅटरीविना इन्व्हर्टरवर चालतो, फायबरचा डबाही त्याच लाइनवर घेतला, कारण वीज गेल्यावर एकच चालू राहून उपयोग नाही. आणि लॅपटॉपवर कापड घालू नये. आपल्याकडे प्रत्येक यंत्रावर विणलेला रुमाल घालायची सवय आहे, तो काढावा.

आता ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसले ते. या सगळ्यात सर्वांत अवघड काम ना लॅपटॉपचं होतं, ना लिनक्सचं. ते होतं माझ्याच जोडणीचं युजरनेम आणि पासवर्ड मिळवणं. फायबरचा डबा नुसता तार पुढे देण्याच्या पद्धतीवर ठेवून, ज्याला ब्रिज मोड म्हणतात, लॉगिन आपल्या यंत्रानं करावं लागतं. नाहीतर राउटरमागे राउटर असं दुहेरी चालतं. चालतं, पण बाहेरून घरातल्या कॅमेऱ्याशी जोडायचं म्हटलं की अडतं. मी आमच्या सेवा कंपनीला पाच फोन केले. १९ दिवस गेले. एकानं सांगितलं, ग्राहकाला ते देता येत नाही. दुसऱ्यानं सांगितलं, तुमचा स्वतःचा राउटर लावला तर तक्रार घेणार नाही. शेवटी एक तरुण तंत्रज्ञ घरी आला. वागायला चांगला होता, चहा घेतला, लॅपटॉप बघून खूश झाला. पण पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा संकोचून म्हणाला, "काकू, जरा तिकडे बघा."

मी २६ वर्षं मुलांची बोटं बघून चूक सांगितली आहे. कागद न बघता, कोणतं बोट कुठे चुकलं ते. तो काय टाकतो ते मला पाठीमागून कळलं असतं. तरीही मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, कारण ज्याचे पैसे मी दर महिन्याला भरते ते मला हक्कानं मिळायला हवं होतं, डोळा चुकवून नको. तो मुलगा गेला आणि पासवर्ड माझ्याच यंत्रात राहिला. सेटिंगचं पान उघडलं की तो समोर दिसतो. मग १९ दिवस लपवलं काय?

जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायदाच आहे. घरात कोणता राउटर लावायचा ते ग्राहक ठरवतो, आणि जोडणीची लॉगिनची माहिती कंपनीनं करार होतानाच, न मागता, मोफत, लेखी द्यायची. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडणाऱ्या वस्तूला सर्वांना एकच सोपा पासवर्ड देऊन विकायला बंदी आहे, आणि सुरक्षेची अपडेट किती काळ मिळतील ते उत्पादकानं जाहीर करावं लागतं. आपल्याकडे २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर आली, ही चांगली गोष्ट. पण यंत्र कचऱ्यापर्यंत जाऊच नये, यासाठी ग्राहकाच्या हातात काय आहे? माझी दूरसंचार खात्याकडे आणि ग्राहक संघटनांकडे मागणी साधी आहे. ब्रॉडबँडच्या पहिल्या बिलावर युजरनेम, पासवर्ड आणि ब्रिज मोड मागण्याची पद्धत छापावी. राउटरच्या खोक्यावर एमआरपीशेजारी अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार ते छापावं. औषधाच्या पाकिटावर मुदत छापतात तशी.

ओपनडब्ल्यूआरटी आज आपल्याला फुकट मिळतं त्यामागेही असाच आग्रह आहे. २००३ मध्ये लिंकसिसला आपल्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचा सोर्स कोड खुला करावा लागला, कारण आत लिनक्स होतं आणि जीपीएल परवान्याची अट तशी आहे. लोकांनी विचारलं, आम्ही विकत घेतलेल्या यंत्रात काय आहे ते दाखवा. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं आणि आज ते माझ्या सुनेच्या मोडक्या लॅपटॉपवर चालतं आहे.

माझ्या आठ संगणकांपैकी एक सुट्या भागांसाठी ठेवला. एक तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेला दिला आहे. तिथे एकाच जोडणीवर ऑफिस, शिक्षकांचे फोन आणि संगणक खोली चालते, आणि ऑनलाइन माहिती भरायच्या दिवशी सगळं ठप्प होतं. यंत्र तयार आहे, दोन्ही तोंडांना तारा लावून ठेवल्या आहेत, शाळा सुटल्यावर ते बंद कसं करायचं हे शिपायांनाही दाखवलं आहे. शाळेच्या जोडणीचा पासवर्ड मिळावा म्हणून मुख्याध्यापकांच्या सहीचा अर्ज सेवा कंपनीकडे दिला, त्याला आज २३ दिवस झाले. पोच मिळाली आहे, पासवर्ड अजून आलेला नाही.

आपली नम्र,
टंकलेखन व संगणक वर्गाची निवृत्त संचालिका
वाई, जि. सातारा